ताटाशेजारची वाईन

दिवाळीनंतरच्या आठवड्यात पुण्यात एका मित्राकडे आम्ही जुनी मंडळी जेवायला जमलो होतो. कुणीतरी नाशिकहून वाईन आणली होती, त्यामुळे गप्पांची गाडी तिकडे वळली. "तू तर इटलीत राहून आलीस. तुला सगळ्यात आवडलेली कुठली?" मित्राने विचारलं. मी लगेच म्हणाले, लाम्ब्रुस्को. उत्तर इटलीतल्या एमिलियाची फेसाळ वाईन. तो थांबला, हातातला ग्लास खाली ठेवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "अगं, लाम्ब्रुस्को म्हणजे फसफसणारं गोड सरबत. बारोलो सांग, ब्रुनेल्लो सांग, निदान किआन्ती तरी!" त्याचा या विषयातला अभ्यास चांगला आहे. लंडनला असताना त्याने वाईनचं रीतसर शिक्षण घेतलंय, आणि त्याच्या बोलण्यात हिणवणं तर अजिबात नव्हतं. जेवण वाढलं गेलं, विषय मुलांच्या शाळांवर आला. माझ्या डोक्यातून मात्र ते वाक्य जाईना. घरी येताना गाडीतही मी मनातल्या मनात त्याला उत्तरं देत होते.

गंमत अशी की त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. 1980च्या दशकात आणि त्यानंतरही इंग्लंडच्या सुपरमार्केटांत लाम्ब्रुस्को या नावाखाली जे विकलं जायचं, ते खरोखरच गोड आणि पातळ असायचं. त्यात पांढरी लाम्ब्रुस्को होती, अल्कोहोल कमी केलेली 'लाइट' लाम्ब्रुस्कोही होती. त्याने ती प्यायली होती आणि तिच्यावरून मत बनवलं होतं. मी प्यायले ती वेगळी होती. नाव तेच, प्रांत तोच, बहुधा द्राक्षंही त्याच घराण्यातली. मग एकाच नावाच्या वाईनबद्दल दोन माणसं इतकी टोकाची मतं बाळगतात, दोघांनाही आपण खरं बोलतोय अशी खात्री असते, हे होतं कसं?

मी कामानिमित्त सास्सुओलोला राहायचे. मोदेनाच्या दक्षिणेला, डोंगर सुरू होतात तिथे वसलेलं हे टाइल्सचं गाव. जगभरातून माणसं इथे टाइल्स आणि त्या बनवायची यंत्रं बघायला येतात. गुजरातेतल्या मोरबीचे कारखानदारही मला तिथे भेटले. नोव्हेंबर उजाडला की पो नदीच्या खोऱ्यातलं धुकं वर चढत येतं आणि चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. कारखान्यातून बाहेर पडलं की ओल्या मातीचा आणि लाकूड जळल्याचा वास येई. हाडांत शिरणारी ओली थंडी होती ती. माझी घरमालकीण खालच्या मजल्यावर राहायची. सत्तरीच्या पुढची, काटक, बोलायला फटकळ. तिला मी सिन्योरा म्हणायचे आणि ती मला शेवटपर्यंत 'अहो इंजिनिअर' म्हणत राहिली. एका रविवारी संध्याकाळी तिने दारावर थाप मारून खाली बोलावलं. चुलीवर बिडाची जाड तवा-जोडी होती, दोन झाकणं एकमेकांवर मिटणारी, आत गोल खळगे. त्यात तळहाताएवढ्या भाकऱ्या भाजल्या जात होत्या. त्यांना तिजेल्ले म्हणतात. टेबलावर एका वाडग्यात पांढरंशुभ्र काहीतरी होतं: डुकराची चरबी, लसूण आणि रोझमेरी एकत्र कुटून केलेलं. गरम तिजेल्ला मधोमध चिरायची, त्यात हे फासायचं, वरून किसलेलं पार्मिज्यानो चीज भुरभुरायचं आणि झाकण मिटून लगेच खायचं. चरबी आतल्या आत वितळते आणि बोटांवरून मनगटापर्यंत ओघळते.

सिन्योराने बाटली उघडली. कास्तेल्वेत्रोची ग्रास्पारोस्सा, लाम्ब्रुस्कोचाच एक प्रकार. ग्लासात ओतल्यावर गडद जांभळा फेस वर चढला, क्षणभर काठावर थांबला आणि चुरचुरत खाली बसला. मी खाण्याआधी एक घोट घेतला. आंबट, तुरट, थोडी कडवट. जांभूळ आणि काळी चेरी यांच्यामधली काहीतरी चव, आणि शेवटी जिभेवर खरखर. नुसती प्यायला कुणी दिली असती तर दुसरा घोट घेताना मी विचार केला असता. मग तिजेल्ला खाल्ली. तोंडभर चरबी, लसूण, चीज. आणि त्यावर पुन्हा तोच घोट. मघाची ती खरखर कुठे गेली कळलंच नाही. वाईन गोलसर लागली, फळाची चव पुढे आली, आणि तोंड असं स्वच्छ झालं की हात आपोआप दुसऱ्या तिजेल्लाकडे गेला. सिन्योरा माझ्याकडे बघत होती. "आता कशी लागतेय?" एवढंच तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता तव्याकडे वळली.

त्यामागची कारणं मी नंतर समजून घेतली. वाईनमधला तुरटपणा, म्हणजे टॅनिन, मांसातल्या आणि चीजमधल्या प्रथिनांना जाऊन चिकटतो, त्यामुळे जीभ मोकळी राहते. आंबटपणा आणि बुडबुडे मिळून चरबीचा थर खरवडून काढतात. शिवाय अल्कोहोल साधारण 11 टक्के, म्हणजे बेताचं. दोन-तीन तासांचं जेवण असलं तरी माणूस जड होत नाही. कोकणातल्या माशांच्या ताटाशेजारी सोलकढीची वाटी असते, तिचं काम काहीसं असंच. तिखट रस्सा आणि तळलेली तुकडी खाताना ती अधूनमधून तोंड सावरते. सोलकढी बाटलीत भरून परदेशी पाठवली, तिथे कुणी ती रिकाम्या पोटी चाखून शंभरपैकी गुण दिले, तर ते गुण कशाचे असतील? लाम्ब्रुस्कोचं जवळजवळ हेच झालं.

आधी त्या प्रांताचं खाणं डोळ्यांसमोर आणायला हवं. इसवी सनापूर्वी 187 मध्ये रोमन कॉन्सल मार्कुस एमिलिउस लेपिदुसने रिमिनीपासून पिआचेन्झापर्यंत सरळ रेषेत रस्ता बांधला. त्या रस्त्यावरून या प्रांताला एमिलिया हे नाव पडलं, आणि पार्मा, रेज्जो, मोदेना, बोलोन्या ही शहरं आजही त्या एका रस्त्यावर ओळीने बसलेली आहेत. या पट्ट्यात ऑलिव्हच्या तेलाचं राज्य नाही. इथे लोणी आणि डुकराची चरबी. पार्मिज्यानोच्या एका चाकाला साधारण 550 लिटर दूध लागतं, त्यातून 40 किलोच्या आसपास चीज होतं आणि ते किमान 12 महिने फळीवर मुरतं. दूध फाडल्यावर उरलेली निवळी फेकत नाहीत, ती डुकरांना पाजतात. त्या डुकरांचं प्रोशुत्तो होतं, म्हणजे खारवून मुरवलेली मांडी. उरलेल्या मांसाचे मोर्तादेल्ला, सालामी, कोतेकीनो असे सॉसेजचे प्रकार. पायाच्या कातडीत मसाल्याचा खिमा भरून त्सांपोने करतात. 1511 साली पोप ज्युलियस दुसरा याच्या फौजेने मिरांदोलाला वेढा घातला, तेव्हा डुकरं शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून ती कापून मांस असं टिकवलं आणि त्सांपोने जन्माला आलं, अशी कथा तिकडे प्रत्येक खाटीक सांगतो. चरबीतच तळलेला, टम्म फुगलेला पिठाचा न्योक्को फ्रित्तो सकाळच्या कॉफीबरोबरसुद्धा खाणारी माणसं मी पाहिली आहेत. इतक्या स्निग्ध जेवणाला जड, मुरलेली, लाकडाच्या वासाची वाईन चालतच नाही. त्याला हलकी, आंबट, फेसाळ वाईनच हवी. शेतकऱ्याने शेकडो वर्षं खाऊन-पिऊन हे ठरवलंय.

आणि हो, या पार्मिज्यानोच्या गाई आज सांभाळतं कोण? पो खोऱ्यातल्या कितीतरी गोठ्यांत पंजाबातून आलेले शीख आहेत. रेज्जो एमिलिया जिल्ह्यातल्या नोव्हेल्लाराला 2000 साली मोठा गुरुद्वारा उभा राहिला. धुक्यात पहाटे सायकलवरून गोठ्याकडे निघालेला पगडीवाला माणूस मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा थांबून हात केला होता. त्यानेही केला.

लाम्ब्रुस्को हे एका द्राक्षाचं नाव नाही, ते एक घराणं आहे. मोदेनाच्या दक्षिणेला कास्तेल्वेत्रोच्या टेकड्यांवर ग्रास्पारोस्सा होते, ती सर्वांत गडद आणि तुरट. शरद ऋतूत तिच्या वेलीची पानं आणि देठही लाल होतात, आणि विन्योलाच्या चेरीच्या बागांपलीकडे ती टेकडी पेटल्यागत दिसते. उत्तरेला कार्पीजवळ सांता क्रोचेची सालामिनो, भरपूर पिकणारी, मध्यम स्वभावाची. आणि सेक्किया नि पानारो या दोन नद्यांच्या मधल्या सपाट गाळाच्या जमिनीत सोर्बारा. माझा जीव जडला तो सोर्बारावर. तिचा रंग जेमतेम गुलाबी, स्ट्रॉबेरीच्या आसपासचा. वास गुलाबाचा आणि संत्र्याच्या सालीचा, आणि आंबटपणा असा की दाढेपर्यंत पोचतो. पहिल्यांदा पिणाऱ्याला ती रेड वाईन वाटतच नाही.

सोर्बाराची वेल मला एका जून महिन्यात शेतकऱ्याने जवळून दाखवली. फुलोरा नुकताच झडला होता. त्याने एक घड तळहातावर घेतला आणि त्यातल्या रिकाम्या जागा बोटाने दाखवल्या. या वेलीच्या फुलातले परागकण वांझ असतात. फूल जवळजवळ नुसतं मादीच, स्वतःचं स्वतःला फळू शकत नाही. म्हणून तिच्या ओळींमध्ये सालामिनोच्या ओळी लावतात, वाऱ्याबरोबर त्यांचे पराग येतात. तरीही बरीच फुलं गळतात, काही मणी बारीक हिरवेच राहतात, आणि घड विरळ, विस्कटलेला निघतो. उत्पन्न कमी येतं. पण जे मणी धरतात त्यांना हवा मिळते, ते कुजत नाहीत आणि त्यांच्यात रस दाटून येतो. "दरवर्षी वाटतं, यंदा काही येणार नाही," शेतकरी म्हणाला, "आणि दरवर्षी येतं, थोडंसं." त्याच्या आजोबांच्या काळात वेली एल्म आणि मेपलच्या झाडांवर चढवलेल्या असत. वेलीचं झाडाशी लग्न लावलंय असं म्हणत. ही पद्धत एत्रुस्कन लोकांपासून चालत आलेली. शेताच्या कडेला एक वाकडं जुनं झाड उभं होतं, त्यावर एक वेल अजून तशीच चढलेली. तिची द्राक्षं तो विकत नाही, घरी खातो.

जुनी पद्धतही ऋतूंच्या मर्जीवर चालायची. शरदात द्राक्षं चिरडून रस आंबायला ठेवायचे. थंडी पडली की आंबणं आपोआप थांबे आणि रसात थोडी साखर शिल्लक राही. तशीच ती वाईन बाटलीत भरून बूच दोऱ्याने घट्ट बांधायचे. वसंतात ऊब आली की बाटलीतलं यीस्ट जागं होई, उरलेली साखर खाई आणि वायू आतच अडकून फेस तयार होई. तळाशी गाळ बसे. काही बाटल्या तळघरात फुटत. 1860 साली क्लेतो किआर्ली नावाच्या मोदेनाच्या खानावळवाल्याने ही वाईन मोठ्या प्रमाणावर बाटलीत भरून विकायला सुरुवात केली. आपल्या खानावळीतली वाईन गिऱ्हाइकांना इतकी आवडते, तर ती घरीही नेऊ द्यावी, एवढा साधा हिशेब. म्हणजे या धंद्याचा उगमसुद्धा जेवणाच्या टेबलावरचा. पुढे 1895 मध्ये फेदेरिको मार्तिनोत्ती या इटालियन संशोधकाने बंद टाकीत दाबाखाली दुसऱ्यांदा आंबवण्याची पद्धत शोधली, आणि फ्रान्सच्या यूजेन शार्माने 1907 मध्ये ती सुधारली. बाटल्या फुटायच्या थांबल्या. हवा तेवढा गोडवा हवा तिथे रोखता येऊ लागला.

तिथून पुढचं सगळं घडलं.

1950 साली रेज्जो एमिलियाच्या नऊ वाईनरींनी एकत्र येऊन रिउनिते ही सहकारी संस्था काढली. युद्धात होरपळलेला प्रांत, तुकड्या-तुकड्यांची शेती. एकट्या शेतकऱ्याला टाकी परवडत नव्हती की बाजार गाठता येत नव्हता. महाराष्ट्रात सहकारी कारखान्यांच्या सावलीत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. 1960च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या मारिआनी बंधूंनी, त्यांच्या बांफी कंपनीमार्फत, ही वाईन अमेरिकेत नेली. तिकडच्या जिभेला रुचेल अशी: गोड, अल्कोहोल कमी, फेस हलका. कोकच्या चवीवर वाढलेल्या पिढीला ती पहिल्या घोटात आवडली. बर्फ घालून प्या, अशी टीव्हीवर जाहिरात लागायची. 1980च्या दशकाच्या मध्यापर्यंत वर्षाला एक कोटीहून जास्त पेट्या खपू लागल्या. अमेरिकेत आयात होणाऱ्या वाईनमध्ये रिउनिते वर्षानुवर्षं पहिली होती.

आणि लाम्ब्रुस्को हे नाव तिथेच अडकलं. जगाला जी माहीत झाली ती ताटाशेजारून उठवून नेलेली, आंबटपणा काढलेली, गोड केलेली लाम्ब्रुस्को. वाईनवर लिहिणाऱ्यांनी तिचा उल्लेखही सोडून दिला. 1970 सालीच सोर्बारा, ग्रास्पारोस्सा आणि सालामिनो या तिघींना डीओसीचा, म्हणजे मूळ प्रदेशाची सरकारी हमी देणारा, दर्जा मिळाला होता, पण तो कागद कोण वाचतो.

मला मारिआनी बंधूंना खलनायक ठरवता येत नाही. मी तसा प्रयत्न करून पाहिला, जमलं नाही. त्या गोड वाईनच्या पैशातून हजारो शेतकऱ्यांची घरं उभी राहिली, मुलं शिकली. सिन्योराच्या नवऱ्याचे भाऊ अशाच एका संस्थेला द्राक्षं घालायचे. तिच्या घरातला फ्रिज त्या पैशाचा, असं ती अभिमानाने सांगायची, आणि तीच बाई ती गोड वाईन स्वतःच्या टेबलावर ठेवत नसे. पुढची गोष्ट तर त्याहून विलक्षण आहे. 1978 मध्ये मारिआनी बंधूंनी तोस्कानात (टस्कनीत) मोंताल्चीनोला, म्हणजे ब्रुनेल्लोच्या गावी, मोठी जमीन घेतली आणि लाम्ब्रुस्कोने मिळवून दिलेला पैसा तिथे ओतला. आज बांफी हे ब्रुनेल्लोच्या सगळ्यात मोठ्या घराण्यांपैकी एक. माझा मित्र ज्या ब्रुनेल्लोचं नाव घेत होता, तिची जगभरची कीर्ती बऱ्याच अंशी एमिलियाच्या फेसावर उभी आहे.

कीर्तीचं हे असंच असतं का, असा विचार करताना इटलीतल्या इतर वाईन आठवत राहिल्या. रोमन काळात फालेर्नुम म्हणजे शेवटचा शब्द. मास्सिको डोंगराच्या उतारावरची ती वाईन, त्यातही इसवी सनापूर्वी 121 ची, ओपिमिउस कॉन्सल असतानाची. जवळजवळ दोनशे वर्षांनी रोमन लेखक प्लिनी लिहितो तेव्हाही त्या वर्षीची वाईन शिल्लक असल्याचं सांगतो. आज तिथे फालेर्नो देल मास्सिको नावाने वाईन होते, पण इटलीबाहेर किती जणांना ती ठाऊक आहे? तोस्कानाच्या किआन्तीचं दुखणं निराळं. 1716 मध्ये तिथे राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याच्या कोसिमो तिसऱ्याने तिची हद्द आखून दिली होती, म्हणजे मान केवढा जुना. 1872 मध्ये बेत्तीनो रिकासोलीने, जो इटलीचा दुसरा पंतप्रधान होता, एका पत्रात स्वतःचं सूत्र लिहून ठेवलं: सांजोव्हेजे द्राक्ष वास आणि जोर देतं, कानाइओलो ते मऊ करतं, आणि पांढरी माल्वाझिया घालायची ती फक्त रोजच्या जेवणातल्या हलक्या वाईनला. मुरवायच्या वाईनमध्ये ती नको. किती शहाणा भेद आहे हा! 1967 च्या नियमांनी तो पुसून टाकला आणि सगळ्याच किआन्तीत 10 ते 30 टक्के पांढरी द्राक्षं सक्तीची केली. गवताने विणलेली गोल बाटली, तिच्या तोंडात खोचलेली मेणबत्ती, आणि आत पाणचट वाईन. ही ओळख पुसायला तोस्कानातल्या चांगल्या लोकांना किआन्ती हे नावच सोडावं लागलं. किआन्तीच्याच भागातली 1971 ची तिन्यानेल्लो साधी टेबल वाईन म्हणून बाजारात आली. फिरेन्झेच्या (फ्लॉरेन्सच्या) जाड, आतून लालभडक बिस्तेक्काबरोबर, म्हणजे गोमांसाच्या स्टेकबरोबर, सांजोव्हेजेचा आंबट-तुरट घोट घेतला की रिकासोली कशाबद्दल बोलत होता ते कळतं. त्यासाठी पत्र वाचायची गरज नाही.

हेच सांजोव्हेजे आपल्याकडे अकलूजला होतं, याचं मला अजून नवल वाटतं. फ्रातेल्ली या वाईन कंपनीच्या मळ्यांत, मोहिते-पाटलांच्या जमिनीवर, किआन्तीतून आलेल्या पिएरो मासी या वाईनमेकरच्या देखरेखीखाली या वेली वाढल्या. इटलीत द्राक्षतोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा करावी लागते, तिला झोपायला हिवाळाच मिळत नाही. मी ती वाईन आवडीने पिते. पण ती प्यायली जाते मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत पास्त्याबरोबर. सोलापूरच्या कडक भाकरीशेजारी, शेंगाचटणीशेजारी, मटणाच्या तांबड्या रश्शाशेजारी ती अजून बसलेली नाही. तिखटावर टॅनिन अधिकच चरचरतं, हेही खरं आहे. कुठली वाईन त्या रश्शाजवळ टिकेल, हे त्या भागातली माणसंच स्वतःच्या ताटावर ठरवतील, आणि त्याला चार-दोन पिढ्या लागतील. मला त्याची घाई नाही, पण उत्सुकता आहे.

बार्बेराची आठवण मात्र मनाला लागते. वायव्य इटलीतल्या प्येमोन्तेत बारोलो ही राजांची वाईन. लांगेच्या टेकड्यांवरचा शेतकरी बारोलो विकायचा आणि स्वतः दोल्चेत्तो नि बार्बेरा प्यायचा. थंडीत मातीच्या भांड्यात ऑलिव्ह तेल, लसूण आणि खारवलेल्या अँचोव्ही मंद आचेवर शिजत ठेवायच्या, आणि कच्च्या भाज्या त्यात बुडवून खायच्या. हे बान्या काउदा. सगळं घर त्या भांड्याभोवती जमतं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत अंगाला लसणाचा वास येतो. त्याबरोबर तुरटपणा कमी असलेली, चांगली आंबट, तरुण बार्बेरा. 1986 च्या मार्चमध्ये काही व्यापाऱ्यांनी स्वस्त वाईनमध्ये मिथेनॉल मिसळल्याचं उघड झालं. 20हून अधिक माणसं दगावली, काहींची दृष्टी गेली. गरिबाच्या घरातली रोजची बाटली विषारी निघाली. संपूर्ण इटालियन वाईनचं नाव खाली गेलं, बार्बेराचं सगळ्यात जास्त. ती सावरली ती रोक्केत्ता तानारोच्या जाकोमो बोलोन्यासारख्या माणसांमुळे. त्याने 1982 पासूनच बार्बेरा फ्रेंच ओकच्या छोट्या पिंपांत मुरवायला घेतली होती. ती गंभीर झाली, महाग झाली, मानाने बारोलोशेजारी जाऊन बसली. मी ती प्यायले आहे. सुरेख आहे. पण ओकचा तो व्हॅनिलासारखा वास आणि बान्या काउदाचा लसूण एकमेकांशी बोलत नाहीत.

म्हणून सध्या लाम्ब्रुस्कोबद्दल जे चाललंय त्याने मी सुखावते आणि जराशी धास्तावतेही. सोर्बारात काही जणांनी आजोबांची पद्धत परत आणली आहे, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवायची, गाळ तसाच ठेवायचा. पाल्त्रिनिएरी वाईनरीची अशी एक गढूळ गुलाबी सोर्बारा मी मोदेनाच्या आल्बिनेल्ली बाजाराजवळ प्यायले. 1931 पासूनचा तो छताखालचा बाजार, मोर्तादेल्लाचे कागदासारखे काप आणि पार्मिज्यानोचे ओबडधोबड तुकडे तिथेच उभ्याने खाल्ले होते, त्यावर ती. एका मळ्याची, एका वर्षाची लाम्ब्रुस्को आता मिळते. समीक्षक पुन्हा येऊ लागलेत, पारितोषिकं मिळताहेत. जे घराणं दोन पिढ्या चेष्टेचा विषय होतं त्याला हा मान मिळायलाच हवा, आणि ज्या शेतकऱ्याच्या वेलीवरची अर्धी फुलं गळतात त्याला चांगला भाव मिळायलाच हवा. भीती एवढीच वाटते, की पूर्वी गोडव्याने तिला ताटाशेजारून उठवलं, तसं उद्या मानाने उठवू नये. मांतोव्हाकडे म्हातारी माणसं अजून उकळत्या रश्श्याच्या वाडग्यात लाम्ब्रुस्को ओततात. आत मांस भरलेल्या पास्त्याचे दाणे, वर वाफ, आणि वाईनमुळे जांभळट झालेला रस्सा. तो वाडगा तसाच तोंडाला लावायचा. महागड्या बाटलीतली वाईन कुणी अशी वाडग्यात ओतेल का?

ऑफिसमधली एक धाकटी सहकारी या हिवाळ्यात सास्सुओलोला जातेय. "येताना तुझ्यासाठी लाम्ब्रुस्को आणते," म्हणाली. मी तिला म्हटलं, मला आणू नकोस, तू तिथे पी. सोर्बारा घेशील ती मोर्तादेल्लाबरोबर किंवा रश्श्यातल्या तोर्तेल्लिनीबरोबर घे. थंडगार नको, तळघरातून आणल्याइतकीच गार हवी. डोंगराकडे गेलीस तर तिजेल्ले आणि ग्रास्पारोस्सा. एकतीस डिसेंबरला तिथेच असलीस तर कुणीतरी त्सांपोने आणि मसूर खायला बोलावेलच, तेव्हा नाही म्हणू नकोस, ते दोन्ही तसे जड असतात आणि त्यांच्यावर कोरडीच लाम्ब्रुस्को लागते, गोड दिली तर बदलून माग. जेवण लांबलं की लांबू दे. बाटली संपली तर दुसरी मागव, महाग नसते.